विश्लेषण : पट्टी बांधणाऱ्या हातांना मान कसा मिळाला? रमाबाई रानडे, धुळ्याचे दिवस आणि परिचारिका प्रशिक्षणाची सुरुवात

जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात सकाळी डॉक्टरांचा राउंड संपला की सर्जरी वॉर्डात ड्रेसिंगची ट्रॉली फिरू लागते. कुणाचे टाके पाहायचे असतात, कुणाच्या पायाची चिघळलेली जखम धुवायची असते, कुणाची भाजलेली कातडी जपत जुनी पट्टी सोडवायची असते. हे काम परिचारिका आणि त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या विद्यार्थिनी करतात, यात आज कुणाला नवल वाटत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी पांढरपेशा मराठी घरातील स्त्रीने परक्या माणसाच्या जखमेला हात लावावा, ही कल्पनाही समाजाला सहन होत नव्हती. ती मानसिकता बदलण्यासाठी झटणाऱ्यांत रमाबाई रानडे यांचे नाव आघाडीवर आहे. त्यांच्या तरुणपणातील काही काळ धुळ्यात गेला होता, हे मात्र खानदेशातही अनेकांना माहीत नसते.

रमाबाई रानडे कोण होत्या?

२०१२ साली आलेल्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे रमाबाईंचे बालपण घराघरांत पोहोचले. त्यांचा जन्म १८६२ सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचा. माहेरचे आडनाव कुर्लेकर, नाव यमुना. वयाच्या अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे होते आणि त्यांच्या पहिल्या पत्नीचे नुकतेच निधन झाले होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या सुधारकाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून लहान मुलीशी लग्न केले, म्हणून त्यांच्यावर बरीच टीका झाली.

लग्नाच्या वेळी रमाबाईंना अक्षरओळख नव्हती. रानडेंनी स्वतः त्यांना शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी आणि मग इंग्रजी. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच पसंत नव्हते. दिवसभर घरकाम, त्यात टोमणे आणि रात्री अभ्यास, असा रमाबाईंचा दिनक्रम होता. शिकण्याची किंमत काय असते हे त्यांना घरातच कळले. पुढे शिकायला बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना काय सोसावे लागते, हे त्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही.

धुळ्याशी त्यांचा संबंध कसा आला?

१८७९ हे वर्ष इंग्रज सरकारसाठी धास्तीचे होते. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने पुणे परिसर हादरला होता. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात विश्रामबागवाड्याला आग लागली. सार्वजनिक सभेचा आधार असलेल्या रानडेंवरही सरकारची संशयी नजर होती. न्यायखात्यात काम करणाऱ्या रानडेंची तातडीने धुळ्याला बदली झाली. तेथे त्यांची पत्रे फोडून पाहिली जात. बंडखोरांच्या नावाने बनावट पत्रेही त्यांच्याकडे येत. ती ते सरळ सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली करत. १८८१च्या सुरुवातीला मुंबईत नेमणूक होईपर्यंत त्यांचा मुक्काम धुळ्यात होता.

त्या वेळी रमाबाई सतरा-अठरा वर्षांच्या होत्या. आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून तेव्हा एकच खानदेश जिल्हा होता आणि धुळे हे त्याचे मुख्य ठिकाण. जिल्ह्याची पूर्व आणि पश्चिम खानदेश अशी विभागणी झाली ती १९०६ मध्ये. धुळ्याला रेल्वेही नव्हती. चाळीसगावहून येणारा फाटा १९०० साली सुरू झाला. पुण्याच्या मोठ्या घरापासून दूर असलेल्या या गावी रमाबाईंना वाचायला थोडी मोकळीक होती. सत्तेचा संशय मान खाली न घालता कसा सोसायचा, हेही त्यांनी येथे जवळून पाहिले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात या दिवसांची नोंद आहे.

त्या काळी जखमेवर उपचार कोण करत असे?

धुळ्यात सरकारी रुग्णालय होते, काही तालुक्यांच्या गावी दवाखाने होते. पण खेड्यातील माणूस आधी घरचाच उपाय करी. विळ्याने बोट कापले की हळद किंवा चुना, खोल जखमेवर राख, तंबाखू नाही तर शेण. मुलाची नाळ कापायला सुईण जे हाताशी येईल ते वापरी. गळू फोडायला न्हावी असे, हाड बसवायला हाडवैद्य. यातले काही उपाय निरुपद्रवी होते, तर काहींनी धनुर्वात ओढवून घेतला जाई. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात, ही गोष्ट तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती.

युरोपातील परिस्थितीही फार काळ निराळी नव्हती. व्हिएन्नातील डॉक्टर सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतरोगाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. तरीही त्यांचे म्हणणे समकालीनांनी उडवून लावले. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखम आणि हत्यारे धुण्याची पद्धत मांडली. त्यानंतर पू होणे हा बरे होण्याचाच एक टप्पा आहे, ही जुनी समजूत हळूहळू मागे पडली.

ही नवी पद्धत भारतातील रुग्णालयांत आली, पण एक मोठी अडचण होती. पट्टी बांधणारा ड्रेसर आणि औषध देणारा कंपाउंडर हे दोघेही पुरुष असत. पुरुषासमोर उघडी करावी लागेल म्हणून बायका जखम, गळू, स्तनाचा ठणका, बाळंतपणातली इजा लपवून ठेवत. दुखणे हाताबाहेर गेल्यावरच त्यांना रुग्णालयात आणले जाई. १८९६-९७च्या प्लेगात तर हा पेच उघडाच पडला. परक्या पुरुषांकडून घरातील बायकांची तपासणी होते, यावर पुण्यात मोठा संताप उसळला. याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी प्राण गमावले. सेवेची तयारी असलेल्या स्त्रिया होत्या, पण त्यांना जंतुसंसर्गापासून स्वतःला आणि रुग्णाला कसे वाचवायचे हे शिकवणारी व्यवस्था नव्हती.

परिचारिका होणे कमीपणाचे का मानले जाई?

कारणे तीन होती. पहिले सोवळे-ओवळ्याचे. रक्त, पू, मलमूत्र यांना हात लावणे म्हणजे विटाळ, आणि रुग्णालयात कोणत्या जातीचा रुग्ण वाट्याला येईल याचा नेम नाही. दुसरे चारित्र्याचे. रात्रपाळी करणारी, परपुरुषाच्या अंगाला हात लावणारी बाई समाजाच्या नजरेत संशयास पात्र ठरे. तिसरे पैशाचे. घरंदाज बाईने पगार घेऊन सेवा करायची म्हणजे मोलकरीण होणे, असा समज होता.

त्यामुळे रुग्णालयांतील परिचारिका बहुतेक युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती समाजातील असत. परिचर्या शिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांत बाई काशीबाई गणपत यांचा उल्लेख आढळतो. १८९१ मध्ये मुंबईत प्रशिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय परिचारिका अशी त्यांची नोंद आहे. मुंबईच्या कामा रुग्णालयासारख्या ठिकाणी शिक्षणाची सोय होती. शिकायला येणाऱ्या मुली मात्र कमी होत्या. दुसरीकडे, हजारो बालविधवा घराच्या कोपऱ्यात आयुष्य काढत होत्या. त्यांच्याजवळ वेळ होता, कष्टाची सवय होती, गरजही होती. त्यांना घराबाहेर आणील असे कुणी नव्हते.

सेवासदन कसे उभे राहिले?

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे मुंबईत निधन झाले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्याही आतल्या होत्या. त्या पुण्याला परतल्या आणि सुमारे वर्षभर त्यांनी स्वतःला घरातच कोंडून घेतले. त्यानंतर मात्र त्या बाहेर पडल्या त्या कायमच्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटणे, रुग्णालयात जाऊन आजाऱ्यांची विचारपूस करणे, आळंदीच्या यात्रेत बायकांच्या मदतीला स्वयंसेविका नेणे, अशी कामे त्यांनी अंगावर घेतली.

मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये सेवासदन सुरू झाले. रमाबाई त्याच्या अध्यक्ष झाल्या. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्याचे सेवासदन निघाले. सुरुवात रमाबाईंच्या स्वतःच्या घरातून झाली. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामातील त्यांचे भक्कम सहकारी. १९१० मध्ये रमाबाईंचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याला नामदार गोखले यांनी प्रस्तावना लिहिली.

सेवासदनात लिहिणे-वाचणे, शिवण, हस्तकला असे वर्ग होतेच. शिक्षिका तयार करण्याचे कामही सुरू झाले. पण रमाबाई आणि देवधर तेवढ्यावर थांबले नाहीत. परिचारिका, सुईणी आणि डॉक्टरांच्या मदतनीस म्हणून काम करू शकतील अशा स्त्रिया घडवायच्या, असे त्यांनी ठरवले. स्त्रीला स्वतःच्या पायावर उभे करायचे आणि त्याच वेळी आजारी स्त्रियांना स्त्रीच्या हातून उपचार मिळवून द्यायचे, हा त्यामागचा दुहेरी हेतू होता.

प्रशिक्षण ससून रुग्णालयातच का?

धर्मार्थ संस्थांना सोपा असा एक मार्ग होता. आपल्याच इमारतीत प्रथमोपचाराची चार व्याख्याने ठेवायची आणि प्रमाणपत्र वाटायचे. सेवासदनाने तो घेतला नाही. संस्थेच्या विद्यार्थिनींना पुण्याच्या ससून रुग्णालयात रीतसर प्रशिक्षणासाठी पाठवण्याची व्यवस्था झाली. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उभे राहिलेले हे रुग्णालय बी. जे. मेडिकल स्कूलशी जोडलेले होते. म्हणजे तेथे शिकवणारे होते, शिस्त होती आणि सर्वांत महत्त्वाचे, रुग्ण होते. घर सोडून आलेल्या विद्यार्थिनींना सुरक्षित राहता यावे म्हणून वसतिगृहाची सोय करण्यात आली. मुलगी कुठे राहते, कुणाच्या देखरेखीखाली राहते, याचे उत्तर मिळाल्याशिवाय कोणतेही कुटुंब तिला पाठवणार नाही, हे रमाबाईंना पक्के ठाऊक होते.

या पद्धतीचे मूळ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या विचारात सापडते. क्रिमियन युद्धाच्या अनुभवानंतर त्यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. तेथे शिकाऊ मुलींना ज्या कामांत तरबेज व्हावे लागे, त्यांची यादीच ठरलेली होती. त्यात फोड, भाजल्याच्या जखमा, व्रण यांचे ड्रेसिंग, शेक आणि पोटीस, पट्ट्या गुंडाळणे आणि बांधणे, हलता न येणाऱ्या रुग्णाची कूस बदलणे, पाठीला जखमा होऊ न देणे या गोष्टी होत्या. पुस्तक वाचून परीक्षा दिली म्हणून परिचारिका होता येत नाही; वॉर्डात अनुभवी सिस्टरच्या नजरेखाली काम करूनच होता येते, हा त्या शाळेचा पाया होता. याच नाइटिंगेल यांचा पुण्याच्या सार्वजनिक सभेशी गावांच्या स्वच्छतेसंबंधी पत्रव्यवहारही होता.

ड्रेसिंग शिकायचे म्हणजे नेमके काय?

बाहेरून पाहणाऱ्याला ड्रेसिंग म्हणजे जुनी पट्टी काढून नवी बांधणे वाटते. प्रत्यक्षात ते अनेक छोट्या निर्णयांचे काम आहे.

आधी हात धुणे आणि साहित्य मांडणे. निर्जंतुक वस्तू कोणती, हात लागला तर ती निरुपयोगी कशी होते, हे भान सरावानेच येते. मग रुग्णाला काय करणार ते सांगणे आणि गरज असल्यास वेदनाशामक औषध आधी दिले गेले आहे ना, हे पाहणे. जुनी पट्टी चिकटली असेल तर ती ओढायची नाही. सलाइनने भिजवून सोडवायची. त्यानंतर जखम वाचायची. तिची लांबी-रुंदी, खोली, रंग, स्राव, वास, कडेची कातडी. लालसर दाणेदार तळ बरे होण्याची खूण असू शकते. पिवळट किंवा काळा थर दिसला तर डॉक्टरांना सांगावे लागते. जखमेभोवतीचा गरमपणा, वाढती सूज, ताप ही संसर्गाची चिन्हे. स्वच्छ भागाकडून अस्वच्छ भागाकडे पुसायचे, एकदा वापरलेला बोळा पुन्हा वापरायचा नाही. पट्टी इतकी घट्ट नको की बोटे निळी पडतील, इतकी सैल नको की सरकेल. शेवटी वापरलेले साहित्य योग्य पिशवीत टाकायचे आणि जे पाहिले ते लिहून ठेवायचे. कालची नोंद नसेल, तर आज जखम सुधारली की बिघडली हे कोण सांगणार?

रमाबाईंच्या काळात हेच काम उकळलेली हत्यारे, कार्बोलिक, टिंक्चर आयोडीन, बोरिक लिंट आणि कापूस यांनी होत असे. प्रतिजैविके अजून यायची होती. त्यामुळे जखमेत जंतू जाऊच न देणे हाच खरा उपचार होता आणि तो बहुतांशी परिचारिकेच्या हातात होता. पहिल्या महायुद्धात डॉ. कॅरेल आणि रसायनतज्ज्ञ डेकिन यांनी सैनिकांच्या दूषित जखमा ठरावीक तासांनी सौम्य जंतुनाशक द्रावाने धुण्याची पद्धत रूढ केली. तिचे यश परिचारिका किती काटेकोरपणे वेळ पाळतात यावरच अवलंबून होते.

सोवळे पाळणाऱ्या घरातील मुलींना येथे एक वेगळाच धडा मिळत असणार. स्वच्छतेची शिस्त त्यांच्या अंगात होती. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे त्या लहानपणापासून पाळत आल्या होत्या. वॉर्डात मात्र ते नियम जातीवरून ठरत नव्हते, जंतूंवरून ठरत होते. रुग्ण कोण आहे हे विचारायचे नाही. आपले हात स्वच्छ आहेत का, एवढेच विचारायचे.

विरोध झाला नाही का?

झाला, आणि बराच झाला. विधवांना घराबाहेर काढून नको ती कामे शिकवतात, असा ठपका संस्थेवर येत राहिला. रमाबाईंच्या चरित्रात सांगितली जाणारी एक घटना त्या काळाचा स्वभाव दाखवते. सेवासदनाच्या एका समारंभात बक्षीस घ्यायला केशवपन केलेली तरुण विधवा व्यासपीठावर आली. लाल लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेल्या त्या मुलीला पाहून गॅलरीत बसलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई समारोपाला उठल्या त्या संतापाने. ज्यांच्या स्वतःच्या घरात विधवा बहीण किंवा आई असेल, त्यांनी अशा मुलीची थट्टा करावी आणि तरी स्वतःला सुशिक्षित म्हणवावे, याबद्दल त्यांनी त्या तरुणांना सर्वांसमोर खडसावले. सभागृह शांत झाले आणि मुलांनी माफी मागितली.

रमाबाईंनी विरोधकांशी उगाच भांडण उकरून काढले नाही, पण माघारही घेतली नाही. विद्यार्थिनींचे राहणे-वागणे साधे आणि शिस्तीचे ठेवायचे, काम इतके चोख करायचे की बोट दाखवायला जागा उरू नये, ही त्यांची रीत होती. टीका करणाऱ्याच्या घरात आजारपण आले की त्यालाही शिकलेल्या परिचारिकेची गरज भासे. शाब्दिक वादापेक्षा हा अनुभव अधिक लोकांची मते बदलत गेला.

पुतळ्यावरचा सराव ही आधुनिक कल्पना आहे का?

आज नर्सिंगच्या विद्यार्थिनी रुग्णाकडे जाण्याआधी कौशल्य प्रयोगशाळेत मॅनिकिनवर, म्हणजे मानवी पुतळ्यावर, सराव करतात. इंजेक्शन, कॅथेटर, टाके काढणे, ड्रेसिंग हे सारे तेथे चुकून, पुन्हा करून शिकता येते. भारतीय परिचर्या परिषदेच्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात अशा सरावाला निश्चित स्थान आहे. परीक्षेतही अनेक ठिकाणी विद्यार्थिनीने एकेका टेबलापाशी जाऊन ठरलेल्या वेळात एकेक कृती करून दाखवायची असते आणि परीक्षक तपासयादीवर खुणा करतो. ही पद्धत स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये मांडली.

पण कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत शल्यकर्म शिकणाऱ्या शिष्याने आधी भोपळा, दुधी, काकडी यांवर छेद घेण्याचा, कापडावर शिवण्याचा आणि मनुष्याकृती बाहुल्याच्या अवयवांवर पट्ट्या बांधण्याचा सराव करावा, असे सांगितले आहे. शास्त्र पाठ असले तरी हाताला सवय नसेल तर तो शिष्य कामाला अपात्र, असा त्याचा आशय आहे. व्रणावरील उपचारांचे साठ प्रकारही त्या ग्रंथात वर्णिले आहेत. मधल्या काळात ही परंपरा क्षीण झाली. जखमेला हात लावणे हे हलके काम ठरले आणि ते विद्येपासून तुटले. रमाबाई आणि त्यांच्या पिढीने विद्या आणि हात यांची पुन्हा सांगड घातली, तीही ज्यांना दोन्ही नाकारले होते अशा स्त्रियांच्या हातून.

अर्थात पुतळ्यावरचा सराव हा पहिला टप्पा आहे. पुतळा कण्हत नाही, घाबरत नाही, त्याच्या जखमेला वास येत नाही. सेवासदनाच्या मुलींना ससूनच्या वॉर्डात जे शिकावे लागले, ते आजही वॉर्डातच शिकावे लागते.

खानदेशासाठी हा विषय महत्त्वाचा का?

खानदेश शेतीचा प्रदेश आहे. विळा, कोयता, मळणी यंत्र, बैलाचे शिंग, सर्पदंश यांच्या जखमा येथे नेहमीच्या. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर, शिरपूर भागातील पाड्यांवरून मोठ्या रुग्णालयात पोहोचायला वेळ लागतो. अशा वेळी उपकेंद्रातील किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका जखम पहिल्यांदा कशी हाताळते, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. त्यात मधुमेहींच्या पायाच्या जखमा आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचे बेडसोर यांची भर पडली आहे. या दोन्ही जखमांना महिनोन्‌महिने सातत्याने काळजी लागते. ती कशी घ्यायची हे घरच्यांना शिकवणे हाही परिचारिकेच्या कामाचा भाग आहे.

धुळ्यात १९८८ पासून आणि जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही जिल्ह्यांत परिचारिका शिक्षणाच्या संस्था आहेत. दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम आणि चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग असे मार्ग मुलींना खुले आहेत; जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग आता मुलांनाही खुले आहेत. येथे खरा प्रश्न कागदावरच्या तासांचा नसून हाताला मिळणाऱ्या सरावाचा आहे. विद्यार्थिनीने वॉर्डात किती ड्रेसिंग नुसती पाहिली आणि किती स्वतः, कुणाच्या तरी देखरेखीखाली केली, यावरून तिच्या शिक्षणाचा दर्जा ठरतो.

जखमेच्या शास्त्रात भर घालणारी एक गोष्ट जळगावकरांच्या परिचयाची आहे. जखम उघडी ठेवून कोरडी करावी ही जुनी समजूत १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांच्या प्रयोगांनी मागे टाकली. ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर येते, असे दिसले. म्हणून न चिकटणारी, ओलावा टिकवणारी ड्रेसिंग महत्त्वाची ठरली. ती महाग असतात. मुंबईच्या सायन रुग्णालयातील डॉक्टरांनी भाजलेल्या रुग्णांसाठी केळीच्या पानाचे ड्रेसिंग वापरून पाहिले आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुळगुळीत पान जखमेला चिकटत नाही, काढताना दुखत नाही आणि खर्च नगण्य. मात्र ते पान स्वच्छ करून, चिकटवून, निर्जंतुक करून वापरलेले असते. बागेतून तोडलेले पान घरच्या घरी भाजल्यावर लावणे हा त्याचा अर्थ नाही. उपाय स्वस्त असू शकतो, त्यामागची शिस्त सोडून चालत नाही.

रमाबाईंच्या कामाचे पुढे काय झाले?

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी पुण्यात मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि मुंबई प्रांतात स्त्रियांच्या मताधिकारासाठी आवाज उठवला. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा गांधीजींनी त्यांच्या जाण्याला राष्ट्राची हानी मानले. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांच्या सन्मानार्थ टपाल तिकीट काढले.

त्यांच्या हयातीत परिचारिकेच्या व्यवसायाला कायद्याचे संरक्षण नव्हते. अखिल भारतीय पातळीवर परिचारिकांची संघटना १९०८ मध्ये उभी राहिली होती, पण मुंबई प्रांतात परिचारिका आणि सुईणींच्या नोंदणीचा कायदा झाला तो १९३५ मध्ये आणि भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ मध्ये. म्हणजे कायद्याने परिचारिकेला ओळख देण्याच्या दोन दशके आधीच सेवासदनाने तिला समाजात जागा मिळवून दिली होती.

ती जागा आजही पूर्ण भक्कम झालेली नाही. रात्रपाळीवरून परतणाऱ्या मुलीकडे वळणाऱ्या नजरा, लग्न ठरवताना नोकरी सोडण्याची अट, वॉर्डात नातेवाइकांकडून होणारी अरेरावी, एका परिचारिकेच्या वाट्याला येणारे फार जास्त रुग्ण, या तक्रारी महाराष्ट्रात सर्वत्र ऐकू येतात. जखम बरी झाली की रुग्ण डॉक्टरांचे आभार मानतो आणि घरी जातो. ती जखम रोज धुणारे, तिचा रंग बदललेला पहिल्यांदा पाहणारे आणि वेळीच डॉक्टरांना बोलावणारे हात बहुधा लक्षात राहत नाहीत. त्या हातांना आधी शिक्षण आणि मग मान मिळावा, यासाठी रमाबाईंनी आपल्या राहत्या घराची शाळा केली. खानदेशातील एखाद्या घरातून मुलगी नर्सिंगला जायचे म्हणते, तेव्हा ज्या प्रश्नांची उत्तरे तिला आज द्यावी लागत नाहीत, ती रमाबाईंच्या विद्यार्थिनींनी आधीच देऊन ठेवली आहेत. उरलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यायची जबाबदारी मात्र तिच्या घरच्यांची, रुग्णालयांची आणि सरकारची आहे.